नळावरची पळी

तिबिलिसीत, कोरड्या पुलावरच्या जुन्या बाजारात
वीस लारींना जोडी मिळाली.
विकणारा म्हणाला, "आवाज करतात."
खोटं बोलला नाही.
घरी लावली तर दोन्ही पेट्यांचं एकच म्हणणं, घुम्म.
बाई गातेय की बुवा, त्यांना सोयरसुतक नाही.
आणि खालून मझेविनारनं पळीनं
हीटरच्या नळावर ठोकलं : टण् टण् टण्.
नेहमीसारखंच. एकोणीस वर्षं झाली.

नवे स्पीकर घ्यायचे तर पेन्शन आडवी येते.
म्हणून आधी त्यांना भिंतीपासून सोडवलं.
एक वीत. मग अजून चार बोटं.
भिंतीला पाठ टेकून बसलेला माणूस
नुसता पोटातून बोलतो,
हे मला लिफ्टदुरुस्ती खात्यातल्या बैठकांपासून ठाऊक आहे.

तारांच्या टोकांवर हिरवट काळं साचलेलं.
भाच्यानं काखेतीहून आणलेली द्राक्षाची दारू,
तिच्यात कापसाचा बोळा बुडवला.
एक थेंब तारेला, एक घोट मला.
तार आधी शुद्धीवर आली.

मागचे स्क्रू काढले. आत पोकळी,
तळाशी एक वाळलेली माशी
आणि कुणा सुताराची पेन्सिलची खूण :
पस्तीस? पंचावन्न?
काहीतरी मोजलं होतं त्यानं, आणि मग जेवायला गेला असावा.

आईची लोकरीची गादी उसवली, फक्त कोपरा.
दर उन्हाळ्यात अंगणात ती लोकर धुवायची,
काठीनं बदडून मोकळी करायची.
मी नुसती पिंजली.
दोन मुठी डाव्या पेटीत, तीन उजवीत.
उजवीचा श्वास कोंडला, एक मूठ परत काढली.
ती परत गादीत घालायची राहिलीच.
आता डाव्या खांद्याखाली खड्डा लागतो.
चालतं.

मुलाचे टेनिसचे चार चेंडू, पावाच्या सुरीनं चिरून
आठ वाट्या, पालथ्या, पेट्यांखाली.
मग दोघींची तोंडं जराशी आत वळवली,
एकाच पाहुण्याशी बोलणाऱ्या बहिणींसारखी.

खुर्ची ओढली. तबकडी ठेवली.
तिघे गात होते, आणि तिघे वेगवेगळे उभे होते.
मधला सूर लावण्याआधी ओठ ओले करतो
हे मला इतकी वर्षं माहीत नव्हतं.
खर्जवाला आता खोलीभर सांडत नव्हता,
त्याला पाय होते.

नळ गप्प.
दुसऱ्या दिवशीही गप्प.
चौथ्या दिवशी दार वाजलं.
मझेविनार. हातात पळी नव्हती,
म्हणून क्षणभर ओळखलीच नाही.
"आजारी आहेस का? खाली काहीच येत नाही."

तिला खुर्चीत बसवलं, जाड कोटासकट.
मी स्वयंपाकघराच्या दारात उभा.
दुसरी बाजू तिनंच लावायला सांगितली.
तिसऱ्या गाण्याला बोट वर केलं :
"हे. हे किणकिणतं ते."
म्हटलं, उजवा स्पीकर जरा...
"स्पीकर कुठला! कपाटातले पेले.
नळावर दुसरं काय सांगत होते मी?"

उठली. कपाट उघडलं.
एकमेकांना टेकलेले दोन पेले काढून
टेबलावर ठेवले, अंतर राखून.
तिसरं गाणं पुन्हा लावलं, स्वच्छ होतं.
तिनं पेल्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.
"तारा पुसून," ती म्हणाली, "काही उरली आहे का?"