अकरा टिंबं

पहिल्या दिवशी काहीच दिसलं नाही.
पांढरं पान. कन्सोल गप्प.
एकही लाल ओळ नाही, हे सर्वांत वाईट;
लाल ओळ म्हणजे निदान कुणीतरी भांडायला तयार आहे.

सेनामनं दुपारभर लायब्ररीच्या आवृत्त्या बदलल्या,
किल्ली तपासली, नेटला शिव्या घातल्या.
(वीज तशीही दोनदा गेली.)
संध्याकाळी केंकीचं पान सोलता सोलता
तिला उमगलं, खोक्याला उंचीच दिली नव्हती.
नकाशा केव्हाच येऊन बसला होता,
रस्ते, खाडी, वाळूचा पट्टा, सगळा पसारा घेऊन
शून्य उंचीच्या खोलीत
आडवा पडून.

पाचशे पिक्सेल, तिनं लिहिलं.
केटा उठून बसलं.

मग घरं टाकली. चारशे बारा.
एकही केटात नाही.
नकाशा लांब नेला, आणखी लांब,
तेव्हा सापडली
साओ तोमेच्या वायव्येला, भर दर्यात,
एकमेकांना धरून राहिलेली अख्खी वस्ती.
रोग जुनाच. फाइल म्हणते आधी रेखांश,
नकाशा म्हणतो आधी अक्षांश,
मानपानावरून अडून बसलेले दोन व्याही
आणि वऱ्हाड पाण्यात.
एका ओळीत तिनं दोघांच्या जागा बदलल्या.
गाव घरी आलं.

टिंबावर बोट ठेवलं की मालकाचं नाव यावं.
आलं : यावा क्पोडो.
शेजारच्या टिंबावर, यावा क्पोडो.
शाळेवर, चर्चवर, पोलीस चौकीवर यावा क्पोडो,
जणू बाईनं रातोरात गाव विकत घेतलं.
लूप फिरत होता तेव्हा कुणी नाव विचारलंच नाही,
विचारलं तेव्हा
त्याच्या तोंडात शेवटचं तेवढं उरलं होतं.
तीन अक्षरांचा एक शब्द काढून
तीन अक्षरांचाच दुसरा ठेवला, झालं.
(यावाला पुढं हे सांगितलं तर म्हणाली,
घरपट्टी कोण भरणार होतं?)

आणि तरीही अकरा टिंबं ओली.

दूर नव्हती. किनाऱ्यापासून साठ, नव्वद,
एक तर दीडशे मीटर आत.
दशांश पुन्हा तपासले. प्रोजेक्शन तपासलं.
ब्राउझरची जुनी साठवण पुसली,
नकाशाचे तुकडे दुसऱ्या सर्व्हरवरून मागवले.
चौकोन चौकोन करत समुद्र आला,
तोच.
अर्जांचा गठ्ठा काढला. अकराही अर्जांवर एकच अक्षर,
मोजणीवाला डोत्से, पूर्वी जाळी विणायचा.
छपराच्या रकान्यात लिहिलेलं : पत्रा.

तो आला. चष्मा घरी विसरून.
स्क्रीनला नाक लागेल इतका वाकला.
'ही विहीर,' म्हणाला. 'इथं माझ्या चुलत्याचा ओटा.
हे आमचं.'
'पण इथं पाणी आहे.'
'हो. घर आधीचं आहे.'
'मोजलं कसं?'
'ओहोटीला होडी नेली. नांगर टाकला,
यंत्र धरून उभा राहिलो.
तूच म्हणालीस ना, एकही घर सुटता कामा नये.'

खाली कोडमध्ये तिची एक अट होती :
पाण्यात पडलेलं टिंब चूक समजून गाळा.
ती उद्यापासून चालू व्हायची होती.
सेनामनं ती पुसली नाही,
तिच्यापुढं दोन तिरक्या रेघा ओढल्या
आणि साहेब विचारतील म्हणून शेजारी लिहिलं :
बिघाड नाही.

डोत्से अजून वाकलेलाच.
'हे हलवता येतं का?'
येतं, तशी सोय आहे, खरं-खोटं एवढाच प्रश्न असतो तिथं.
तिनं खरं लिहिलं.
त्यानं एका बोटानं टिंब धरलं, दाबून,
जरासं, दोनेक मीटर, सरकवलं.
तिला वाटलं होतं किनाऱ्याकडे नेईल.
त्यानं आत नेलं, खोल पाण्याकडे.

'स्वयंपाकघर इथं होतं,' तो म्हणाला.
'होडी थोडी वाहवली होती त्या दिवशी.'