डाव्या टोकाची यादी

काल रात्री खर्र्याच्या ठेल्यावर पुन्हा वाद झाला.
भैयालाल म्हणतो, एक नंबर बुधराम उईके, दुसरं नावच घेऊ नका.
म्हटलं, थांब बे.
चौतीस वर्षं स्कोअरबुक मी लिहिलंय,
यादी लागलीच तर माझ्या पेन्सिलीनं लागेल.

मैदान गिरणीमागचं. होम प्लेट मावळतीकडे,
म्हणजे साडेपाचनंतर लेफ्ट फिल्डरच्या डोळ्यांत सरळ सूर्य,
पाठीशी नाग नदी, नावाचीच नदी,
आणि ग्लव्ह पाच, पोरं नऊ.
कॅचर, फर्स्ट बेस, मग ज्याचा मामा कमिटीवर तो,
असं वाटत वाटत डाव्या टोकापर्यंत पोचताना
ग्लव्ह संपलेले असत.
तिथं उभं राहायचं ते उघड्या हातांनी.
हे आधी ध्यानात घ्या, मग नंबर द्या.

बुधरामला मी तिसरा ठेवतो.
हो, तिसरा. ओरडू नका.
हात म्हणजे गोफण होती, मान्य.
नदीकाठावरून थेट कॅचरच्या छातीत, मध्ये टप्पा नाही.
पण दाखवायचा. रनर जागच्या जागी थांबलेला असतानाही फेकायचा,
पत्र्याच्या शेडमधल्या टाळ्यांसाठी.
दोनदा चेंडू कॅचरच्या डोक्यावरून भिंतीपार गेला,
अमरावतीची पोरं हसत हसत घरी आली.
पुस्तकात आहे. पान पण सांगतो.

दुसरा जमील, मोमिनपुऱ्याचा.
सकाळपासून मागावर बसून यायचा, रोजे असले तरी यायचा.
नदीला पाणी होतं त्या दिवशी, उंच चेंडू गेला,
हा मागे न बघता धावला आणि काठावरून खाली
नाहीसाच झाला.
मग आधी एक हात वर आला, कोपरापर्यंत काळा,
हातात चेंडू.
आम्ही नाचायला लागलो.
अंपायरनं विचारलं, झेलला कुठं?
जमील म्हणाला, "नहीं साहब, पानी में गिरा था."
हरलो.
तीन दिवस त्याच्याशी कोणी बोललं नाही. मीही नाही.
दुसरा नंबर झेलांसाठी देतोय की त्या तीन दिवसांसाठी,
विचारू नका.

चौथ्यावर पराते होता, खोडला.
पळायचा देखणा, पण चेंडू जिकडे नाही तिकडे.

आणि पहिली
(पहिली म्हटल्याबरोबर भैयालालची मान वळली)
उत्पला खोब्रागडे, इंदोऱ्याची, रविवारच्या पोरींच्या टीमची.
नावावर झेल एकोणतीस. त्यात डोळे दिपावेत असा एकही नाही.
पण कॅचरनं थर्ड बेसकडे फेकला की
ही डाव्या टोकावरून सुटायची, थर्ड बेसच्या मागे येऊन वाकायची,
हात पसरून, चुकलाच तर असावं म्हणून.
चुकायचा नाही.
ही वळायची, जागेवर जायची, ओढणीची गाठ घट्ट करायची.
पुन्हा फेक, पुन्हा धाव.
याला पुस्तकात रकाना नाही. एरर झाली तर रकाना आहे,
होऊ दिली नाही तर नाही.
एका हंगामात मी समासात ठिपके देत गेलो, कोणी सांगितलं नव्हतं.
तीनशे बारा भरले.
कामी आल्या त्यातल्या चार धावा.
मे महिना, सेहेचाळीस डिग्री, मीच वैतागून विचारलं,
कायले पळतेस गं पोरी, चेंडू तं येत नाही?
ती माठातलं पाणी पीत होती.
"आला तं?" म्हणाली, आणि ग्लास उपडा ठेवला.

भैयालाल पिचकारी टाकून म्हणाला,
ठिपक्यावर नंबर देते का कोणी?
दिला ना मी, म्हटलं.
डाव्या टोकावर आता मेट्रोचा खांब आहे.
पाचवा तो घे, भैयालाल म्हणतो,
जागा तरी सोडत नाही.
मग त्यानं दोघांचे पैसे दिले, स्कूटर तिरपी केली,
चार किका मारल्या.
"उद्या सेंटर फिल्डर घेऊ," म्हणाला. "पुस्तक आणजो."