हत्तोंबत्तू

करंजगाळीत नवखं कुणी आलं की सांगतात:
स्टँडवरनं सरळ या हत्तोंबत्तूपर्यंत,
मग डावीकडं.
पाहुणा शोधतो देऊळ, वडाचं झाड, कुणाचं तरी घर.

खांब होता तो.
फीडरवरचा शेवटचा, सागवानी, एकोणिसावा,
आकडा कानडीत रंगवलेला.
मराठी शाळेतली पोरं
तेवढा एकच आकडा कानडीत म्हणायची.
त्याच्यापुढं तार नव्हती. जंगल.

एकतीस वर्षं चढलो मी त्यावर.
गाव खालून कमीच पाह्यलंय.
वरनं बावन्न घरं, खानापुरी कौलं,
भादव्यात म्हशीच्या पाठीगत काळी पडलेली.
सतरा दारांना कुलूप, माणसं मडगावात, बेकरीत.
इनास सोजच्या अंगणात क्रूस, त्याला अबोलीची माळ,
शेजारी वाळत घातलेली कोकमं.
रताळ्याच्या सऱ्यांत शेवंता वाकलेली,
एकेक वेल उचलून उलटा टाकणारी,
झोपलेल्या पोराला कुशीवर वळवावं तसा.
आणि ओढा.
पुढं मलप्रभेला मिळतो म्हणतात,
मला दिसायचा बांबूच्या बेटापर्यंतच.

करंट गेला की पहिली हाक निंगव्वाची:
"यल्लाप्पा, बंद पडलंय की रे!"
शिव्या ती कानडीतनं घालायची, आर्जव मराठीतनं.
मी दोन्ही ऐकत चढायचो.
फ्यूज बसला की सगळी घरं एकदम ओरडायची
आणि उघड्या दारांतनं
मला वरनं ताटं दिसायची.
कुणाच्या ताटात काय,
आणि कुणाचं ताटच मांडलेलं नाही.
हे मी कुणाला बोललो नाही. बायकोलाही.
फक्त दुसऱ्या दिवशी एखाद्या घरी
उगाच मीटर बघायला जायचो,
पिशवीत शेरभर तांदूळ घेऊन.

गेल्या साली सिमेंटचा आला,
नंबर कसलासा, चार बटा सात.
जुना कापून इनासनं गोठ्याला लावला.
नवा लाइनमन बैलहोंगलचा पोरगा.
हत्तोंबत्तू म्हटलं की हसतो,
त्याला त्यात नुसता आकडा ऐकू येतो.

काल बघतो तर सिमेंटला हळदीकुंकू.
गावड्यांची नवी सून, चंदगडकडची,
तिला वाटलं, देवाचंच नाव.
सांगणार होतो.
म्हटलं एवढंच, पोरी,
ओल्या हातानं नको.