निचरा

तीस वर्षं मी दुसऱ्यांचं रक्त काचेवर पसरलं
सरकारी दवाखान्याच्या मागच्या लॅबमध्ये.
आता लोकमान्यनगरात, गच्चीवर,
चौदा पिशव्या टोमॅटोच्या
आणि चष्मा तोच.

यांत माती नाही. नारळाचा भुसा,
सियागंजातून विटेसारखा दाबलेला आणला,
टबात टाकला तसा रात्रभर फुगत राहिला.
पहिलं पाणी निघालं काळ्या चहासारखं, खारं.
दुसरं फिकट.
तिसऱ्याला मीटर म्हणालं, पुरे.
इंदूरला समुद्र येतो तो असा,
पाच किलोच्या विटेतून.

मातीच्या गाठीला काहीतरी जुनं असतं.
भुशाकडे शून्य शिल्लक.
उलट तुम्ही दिलेलं कॅल्शियम
आधी तो स्वतः गिळतो,
उरलं तर झाडाला.
म्हणून आधीच पाजून ठेवायचा.
मी पाजला होता. वहीत तारीख आहे.

तरी माघात पानं बिघडली.
खालची आधी: शिरा हिरव्या, मधलं सगळं पिवळं,
विटलेल्या नकाशात नद्या तेवढ्या उराव्यात तसं.
हे मॅग्नेशियम.
मग शेंडे. नवं पान वाकडं, कडेला करपलेलं,
आणि एका टोमॅटोच्या बुडाला
काळा रुपया.
हे कॅल्शियम.
दोन्ही तर मी मोजून देत होते.

बुंदेलाजी कठड्यावरून म्हणाले, पानी कम पड़ रहा है मैडम.
जाऊबाईंचा फोन: अगं, पाणी जास्त होतंय.
भावाने फोटो बघून फवारा सांगितला.
लॅबमध्ये डॉक्टरही असेच यायचे,
रिपोर्टआधी रोगाचं नाव घेऊन.

पिशवीखाली स्टीलची ताटली सरकवली.
खताचं पाणी सावकाश ओतलं
बुडातून निघेपर्यंत.
मीटर बुडवलं.
दिलेलं अकराशे.
निघालेलं चारशे दहा.

पुन्हा. चौथी पिशवी. नववी. टाकीजवळची.
जास्त निघालं असतं तर कळलं असतं:
मीठ साचलंय, टोकं जळतील, धुऊन काढा.
हे उलटं.
कुणीतरी धूतच होतं.
साध्या नर्मदेच्या पाण्याने, आणि रोज.

गच्चीला किल्ल्या दोन.
एक माझ्या कमरेला,
एक वरच्या खोलीतल्या कीर्ती पाटीदारकडे,
बडवानीची, भंवरकुआँला क्लास, परीक्षेचं तिसरं वर्ष.

पहाटे तीनला जिन्यात बसले,
टॉर्च हातात, न पेटवलेला.
ती आली. बादली, मग.
प्रत्येक पिशवीशी थांबायची,
काहीतरी पुटपुटायची,
मग ओतायची, अगदी बारीक धारेने,
आजाऱ्याला औषध पाजावं तशी.

मला बघून दचकली नाही.
म्हणाली, आंटी, ऊपर से सूखे दिख रहे थे.
आणि जरा वेळाने,
नींद नहीं आती.

निकाल जानेवारीतच लागला होता.
मी विचारलं नव्हतं.
भाडं वेळेवर येत होतं.

रागवायचं ठरवून बसले होते.
तोंडून निघालं, भुसा असाच दिसतो, वरून कोरडा.
बोट घाल. अजून आत.
तिने घातलं. गीला है.
आता उचल.
तिने पिशवी दोन्ही हातांनी उचलली,
रोप तिच्या गालाला लागलं,
आणि ती वजन बघत राहिली, बघतच राहिली,
खाली ठेवेना.

आता वहीत दोन अक्षरं आहेत.
सोमवार, बुधवार तिचे; ती सात फार मोठा काढते.
काल निघालेलं: नऊशे साठ.
झोपेचं विचारलं तर म्हणते, कभी-कभी.

खालची पिवळी पानं मी तोडलेली नाहीत.
ती हिरवी होणार नाहीत, माहीत आहे.

बुंदेलाजी रोज विचारतात, आख़िर था क्या?
मी म्हणते, पाणी.
कम था कि ज़्यादा?
मी ताटली विसळून
पालथी घालते.