शिवेवरचं पातं

बर्फ काढायची गाडी चालवतो मी, एकतीस हिवाळे झाले.
पहाटे तीनला निघायचं, उसुझावाच्या शाळेपासून
खाली ओढ्याच्या पुलापर्यंत.
पुलाच्या मध्यावर पातं उचलायचं,
गाडी मागे घ्यायची.
पलीकडचा बर्फ तोचिहाराचा.
त्यांचा त्यांनी काढावा.

मधे दोन हात रुंद पट्टी राहायची
कुणीच न काढलेली.
तिच्यावर कोल्ह्याची पावलं उमटायची, कधी
मिसाओबाईंच्या रबरी बुटांची.

मिसाओबाई तोचिहाराच्या लेक, उसुझावाच्या सून.
माहेर एवढं जवळ, की पुलावरून धूर दिसे.
संध्याकाळी पाचला दोन्ही गावांचे भोंगे गात,
आमचा जरा आधी, त्यांचा सूर निराळा.
तांदूळ धुता धुता बाई नळ बंद करत.
आमचं गाणं संपलं की
त्यांच्या गाण्याचं शेपूट तेवढं ऐकू येई.

मग सभा सुरू झाल्या. तक्ते आले, आकडे आले,
इतकी डोकी नसतील तर गाव परवडत नाही म्हणाले.
नवं नाव सुचवायला पेट्या ठेवल्या
टपाल कचेरीत, सहकारी दुकानात, न्हाणीघराच्या दाराशी.
उसुझावा नको, म्हणाले तोचिहाराचे.
तोचिहारा नको, म्हणालो आम्ही.
नागुसा नको, म्हणालो दोघंही; तेवढंच एकमत.
शेवटी ठरलं हिकारीनो, उजेडाचं रान.
असं रान इथे कुणी पाहिलेलं नव्हतं,
म्हणूनच ते सगळ्यांना चाललं.

आणि गुन गेला. मिनोसे गुन.
त्याला कचेरी नव्हती, साहेब नव्हता, शिक्का नव्हता.
पत्त्यात प्रांत आणि गाव यांच्या मधे
तो नुसता बसून असायचा,
घरातल्या एखाद्या न बोलणाऱ्या काकासारखा.
शेवटचं गाव शहरात गेलं त्या मध्यरात्री
मिनोसे गुनाची लोकसंख्या शून्य झाली.
कुणी मेलं नाही.
कुणी कूसही बदलली नाही.

सकाळी कचेरीतल्या कानामेने
गावाचा शिक्का पंचात गुंडाळून खोक्यात ठेवला,
आणि मिसाओबाईंना नवा पत्ता तीनदा लिहून दाखवला.
बाई म्हणाल्या, लग्नात नाव बदललं
तेव्हा निदान मला चार पावलं चालावं तरी लागलं.
आता सांग, मी सासरी आहे की माहेरी?
कानामेकडे त्याचा फॉर्म नव्हता.

भोंगा आता एकच, शहराच्या कचेरीतून,
दोन्ही काठांवर एकाच क्षणी.
बाई नळ बंद करत नाहीत.

मला हुकूम आला : शाळेपासून थेट नागुसापर्यंत,
मधे थांबायचं कारण नाही.
बरं म्हटलं.
तरी पुलाच्या मध्यावर हात आपोआप जातो,
पातं उचललं जातं, दोन हातांनी पुन्हा टेकतं.
वर तक्रारी गेल्या. गाड्या तिथे दणकतात म्हणे.

यंदा शेजारी रिकुया बसतो, शिकाऊ,
विलीनीकरणाच्या सालचा जन्म.
परवा पातं उचललं तसा दचकला,
यंत्र बिघडलं का हो?
नाही म्हटलं, शीव आहे.
कुठे, म्हणाला,
आणि काचेवरची वाफ बाहीने पुसून
खाली वाकून बघू लागला.