गप्प भिंत

मिरजेत आमच्या गल्लीत वीज गेली
की लाखेचा वास वाढतो, का ते माहीत नाही.
दुपारचे तीन. मी बॅगेतून चकती काढली,
तिच्यावर गुंडाळलेला वीसेक मीटर काचेचा दोरा,
केसाहून थोडा जाड.
अब्बांनी कपाळावरचा चष्मा खाली ओढला.
"तार हाय?"
"तारच. पण आतून पोकळ."
"मग वाजंल की."

अडचण तीच आहे, मी म्हटलं.

इलाही उंबऱ्यात बसून मंगळवेढ्याचा भोपळा खरवडत होता,
त्याचा हात थांबला.
मी सांगत गेले, जमेल तसं:
नेहमीच्या तंतूत काच भरीव असते, मधली जरा जास्त दाट.
उजेड कडेला तिरका आपटतो, आत वळतो,
पुन्हा आपटतो, असा गावंच्या गावं ओलांडतो.
पण काचेतून चालायचं म्हणजे चिखलातून चालणं,
वेगाचा तिसरा हिस्सा तिथंच रुततो.
हवेत तो मोकळा पळेल.
फक्त हवा पातळ, काच दाट,
आणि पातळातून दाटात शिरायला
उजेडाला कुणाला विचारावं लागत नाही.
थोडा परततो, बाकीचा भिंतीतून पसार.

"मग धरता कसा?"

मोबाइलवर फोटो दाखवला, तंतूचा आडवा काप,
हजारपट मोठा केलेला.
बाहेर एक कडं, कड्याला आतून चिकटलेल्या सहा नळ्या,
एकमेकींना न शिवता,
मधोमध रिकामं अंगण.
अब्बांनी बोटानं मोजलं. पुन्हा मोजलं.
"सातवी कुठाय?"
हसू आलं मला. सतार नाही ही, अब्बा.

नळीची भिंत साबणाच्या फुग्यासारखी,
केसाच्या जाडीचे शंभरएक पापुद्रे केले
तर त्यातला एक.
भट्टीत काच मधासारखी ओघळते तेव्हा
आत वाऱ्याचा दाब धरून ठेवायचा,
नाहीतर नळ्या मिटतात.
आणि जाडी अशी नेमकी साधायची
की आपल्याला हव्या त्या रंगाला
भिंतीनं साथ देऊ नये.
ज्या रंगासोबत ती झंकारते
तो रंग तिच्यातूनच निघून जातो.
जिथं ती गप्प राहते
तिथं उजेड अंगणात परत येतो,
आणि पुढं सरकतो.

अब्बा बराच वेळ काही बोलले नाहीत.
मग इलाहीच्या मांडीवरचा भोपळा उचलला,
नखानं टिचकी मारली. कान लावला.
भोपळा फिरवून दुसरीकडं टिचकी.
"म्हंजे वाजू नये म्हणून जाडी मोजायची?"
"हो."
"आन् आमी जलमभर…"
वाक्य त्यांनी लाखेच्या डब्यापाशी सोडून दिलं.

कोपऱ्यात बद्द भोपळ्यांचा ढीग असतो,
टिचकीला ओ न देणाऱ्यांचा.
थंडीत त्यांच्यावर आंघोळीचं पाणी तापतं.
त्या ढिगाकडं ते पाहत होते
आणि मी त्यांच्याकडं.
खरं तर भोपळ्याचा आवाज आणि तंतूतला उजेड
यांच्या लहरींत अब्जावधी पटींचं अंतर आहे,
बद्द भोपळ्यातून काही पळणार नाही.
हे मी सांगितलं नाही.

संध्याकाळी धारवाडला जायची सतार जुळवायची होती.
जवारी घासून झालेली, शिंगाची भुकटी अजून पायजम्यावर.
चकती बाजूलाच, तिच्या दोन्ही टोकांची तोंडं
मी वितळवून बंद केलेली,
आत दमट हवा शिरू नये म्हणून.
अब्बांनी बाजाची तार छेडली.
खालच्या तरफा न छेडता जाग्या झाल्या,
भिंतीवर टांगलेले दोन तुंबे गुणगुणले,
लाखेच्या डब्याचं झाकणसुद्धा बारीक किणकिणलं.
चकती तशीच.
अब्बांनी तार पुन्हा छेडली, जरा जोरात,
आणि मान तिरकी करून तिच्याकडं बघत राहिले,
नवीन शागीर्दाकडं बघावं तसं.