एकास किती

डंडी. नोव्हेंबर. चारलाच दिवे लागले.
वजा वीसच्या कपाटातून काढलेली कुपी मुठीत धरली,
तर आधी बर्फावर माझ्या बोटांचे ठसे उमटले,
मग खालून अक्षरं वर आली:
ससा ४४१७. तिसऱ्यांदा काढलेलं रक्त.
पुढे प्रमाण. एकास पाच, मग शून्यं.
दोन, की तीन, की नुसतं पेन झटकलेलं?
अक्षर एफी लॉर्नीचं.
तळाशी उरलंय ते मुंगीच्या आंघोळीपुरतं.

कंपनीने मार्चमध्ये नवी कुपी पाठवली होती,
सोबत गुळगुळीत कागद, आलेख, हमी.
पहिल्यांदा तिने पडद्यावर काहीच दाखवलं नाही.
दुसऱ्यांदा सगळंच दाखवलं,
वरपासून खालपर्यंत काळं.
सगळ्यांना ओळखणारा कोणालाच ओळखत नसतो,
हे मला लग्नकार्यांतून आधीच माहीत होतं.

शोधायचंय त्या प्रथिनाचं नाव स्क्रिबल.
म्हणजे गिचमीड.
ते नसलं की माशीच्या पिल्लाची कातडी
कोणी गिरगटून ठेवल्यासारखी दिसते, म्हणून.
असलं की पेशीला कळतं
आपलं छत कुठलं, जोतं कुठलं,
शेजारणीला टेकायचं ते कुठल्या भिंतीने.
आणि मेंदूत, दोन चेतापेशींमधल्या फटीशी
ते उंबऱ्याजवळ बसून असतं;
निरोप आला तर आत घ्यायला कोणीतरी हवं.
घर लावणाऱ्याला पसाऱ्याचं नाव.
आमच्याकडे जगावं म्हणून पोराला धोंड्या म्हणायचे,
तशातलंच काहीतरी.

एफीला फोन केला. ब्रॉटी फेरीला असते ती, निवृत्त.
मागे गेले होते तेव्हा बिस्किटं बशीत न मांडता
सरळ डबाच पुढे केला होता तिने.
"चव्वेचाळीस सतरा? तो चावरा," म्हणाली.
मग बराच वेळ नुसती केटल.
"अंगठ्याला चावला. वण आहे अजून.
कोबीची पानं टाकून द्यायचा, देठ खायचा."
मी म्हटलं, एफी, प्रमाण. पाचशे की पाच हजार?
"हात तेव्हाही कापायचा गं.
कोणाला सांगितलं नव्हतं."
केटल थांबली.
"दोन हजार धर. सशाने तरी कुठे मोजलं होतं."

टेस्कोतली साय काढलेल्या दुधाची भुकटी, पाच टक्के.
पडदा त्यात तासभर बुडवला,
म्हणजे रिकाम्या जागा दुधाने भरतात
आणि ससा भलत्याच्या गळ्यात पडत नाही.
मग कुपीला टिचकी मारली, थेंब तळाशी आणला,
श्वास धरून उचलला.
रात्रभर थंड खोलीत पाळणा डुलत राहिला.
खिडकीतून टे नदी, पुलावरून उशिराची गाडी,
आणि पुलाच्या बाजूने, पाण्यात,
पडलेल्या जुन्या पुलाचे बुंधे,
काही न पेलता रांगेत उभे.

सकाळी अंधारखोली. लाल दिवा.
फिल्म ट्रेमध्ये सोडली आणि मनात वीसपर्यंत मोजले.
चौदाला, दोनशेवीसच्या खुणेपाशी, रेघ आली.
बारीक, काळी.
एवढी सरळ, की मला एफीचा अंगठा आठवला.

आणि खाली, साठच्या जरा वर, दुसरी.
ती दर वेळी येते.
एफीच्या २००३ च्या वहीतही आहे, शेजारी प्रश्नचिन्ह,
तेही थरथरलेलं.
छापताना आम्ही चौकट जरा वर सरकवतो.
ससा आणखी कोणाला तरी ओळखत होता.
कोणाला, ते आम्ही कधी विचारलं नाही.

वापरलेलं पाणी ओतून दिलं नाही.
नळीत भरलं, वर लिहिलं, सुवाच्य:
४४१७. एकास दोन हजार. एकदा वापरलेलं.
शून्यं दोनदा मोजली.